खोक्यातली कोळंबी मरते कशाने? जिवंत आमिष टिकवण्याबद्दल

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी भाषा होती तशीच ठेवली आहे.)

गरीच्या मासेमारीवर बोलायला लागल्यापासून मला वाटत होतं, लोक गळाबद्दल विचारतील, तंगूस किती जाडीचा घ्यायचा ते विचारतील. पण सगळ्यात जास्त विचारलं जातं ते आमिषाबद्दल. प्रश्न साधारण असा असतो: "पाग टाकून चाळीस कोळंब्या धरल्या, बादलीत घातल्या, जागेवर पोचेपर्यंत अर्ध्याहून जास्त पांढऱ्या पडून आडव्या. एअर पंप लावला तरी तेच. नक्की चुकतंय काय?"

तर आजचा भाग फक्त यावर. घरी बनवलेला खोका, बादली, ड्रम, जुना फ्रीज, यात कोळंबी किंवा छोटे बोईट जिवंत कसे ठेवायचे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. गाव शास्त्री नदीच्या खाडीवर. महिन्यातून एक-दोन शनिवार-रविवार तिकडे जातो, खडकावरून किंवा छोट्या होडीतून गरी टाकतो. मत्स्यशास्त्र शिकलेलो नाही, बीटेक आहे. त्यामुळे कुठलीही गोष्ट बिघडली की लॉग बघायची सवय आहे. इथे लॉग नाही, पण हिशेब मांडता येतो. आणि तो मांडला की उत्तर फारसं अवघड नाही.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला मध्येच उठायचं असेल तर उठता येईल: खोक्यात यंत्रं वाढवण्याआधी कोळंब्या कमी करा. आता हे असं का, ते बघू.

जिवंतच का हवी?

मेलेल्या कोळंबीला मासा लागतच नाही असं नाही. शिंगाळा लागतो, खेकडे तर धावतच येतात, कारण ते वासावर चालतात. पण जिताडा किंवा तांबोशी हवी असेल तर गोष्ट वेगळी. हे मासे दबा धरून बसतात आणि हलणाऱ्या गोष्टीवर झडप घालतात. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेघ असते, तिच्यातून त्याला पाण्यातली हालचाल जाणवते. गढूळ खाडीत, जिथे डोळ्यांना फारसं दिसत नाही, तिथे कोळंबीने शेपटीने मारलेला झटका हाच त्याच्यासाठी निरोप असतो. अर्धमेली कोळंबी तो निरोप देत नाही. म्हणजे "अजून मेली नाही ना, चालेल" हे खरं नाही. आपल्याला नुसती जिवंत नको, तरतरीत हवी.

पहिलं कारण: हवा

एक आकडा सांगतो. तो कळला की बाकीचं आपोआप कळतं.

३० अंश तापमानाच्या खाऱ्या पाण्यात, पाणी हवेने पूर्ण भरलेलं असलं तरी, एका लिटरमागे साधारण ६ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. २० लिटरची बादली घेतली तर झाले १२० मिलिग्रॅम. आणि आपण श्वास घेतो त्या हवेत? एका लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम. म्हणजे अख्ख्या २० लिटरच्या बादलीत जेवढा ऑक्सिजन आहे, तेवढा अर्ध्या लिटर हवेत असतो. बिसलेरीच्या छोट्या बाटलीत मावेल एवढा!

आता खर्चाची बाजू. १० ग्रॅमची कोळंबी धरा. उष्ण पाण्यात तिला वजनाच्या दर ग्रॅममागे तासाला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन लागतो. हा मोठा अंदाज आहे, पण नुकतीच पागात सापडलेली, घाबरून उड्या मारणारी कोळंबी याहून जास्तच घेते. चाळीस कोळंब्या म्हणजे ४०० ग्रॅम, म्हणजे तासाला २०० मिलिग्रॅम. जमा १२०, खर्च २००. त्यात पुन्हा कोळंबी शून्यापर्यंत तग धरत नाही. लिटरला दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली गेलं की ती मलूल होते. म्हणजे वापरता येणारा साठा जेमतेम ७० मिलिग्रॅम. तो वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. पाण्याच्या पृष्ठभागातून थोडा आत येतो म्हणून अर्धा तास धरू. किनाऱ्यावरून चालत खडकापर्यंत जायला तेवढाच वेळ लागतो. म्हणून पोचेपर्यंत आडव्या.

त्याच बादलीत बारा कोळंब्या टाका. खर्च तासाला ६० मिलिग्रॅम. पंप नसतानाही तासाभराहून जास्त वेळ मिळतो. काहीही विकत न घेता.

पंप अर्थातच लावायचा. पण तो कसा काम करतो हे माहीत असू द्या. बुडबुडा पाण्यातून वर जाताना थोडा ऑक्सिजन देतो, पण मोठा फायदा होतो तो पृष्ठभाग हलल्यामुळे. खालचं दमलेलं पाणी वर येतं, हवेला भिडतं, पुन्हा खाली जातं. म्हणून एअर स्टोन तळाला ठेवायचा आणि बारीक बुडबुड्यांचा घ्यायचा.

पंपाबाबत चार गोष्टी पटकन:

एक, पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. खाली ठेवला आणि बंद पडला तर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. वर ठेवणं शक्य नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो.

दोन, पंपाने हवा खोक्याबाहेरून घेतली पाहिजे. हे फार लोक विसरतात. थर्माकोलचा खोका, झाकण गच्च बंद, पंप आत. मग तीच ती हवा फिरत राहते, कोळंबीने सोडलेला कार्बन डायऑक्साइड आत साठतो. बुडबुडे दिसतायत म्हणजे सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि कोळंब्या मात्र मरतात. झाकणाला भोकं पाडा, पंप बाहेर टांगा, फक्त नळी आत.

तीन, यूएसबीचा पंप आणि पॉवर बँक. १० हजार मिलिअँपिअर-अवरची बँक म्हणजे कागदावर ३७ वॉट-अवर. रूपांतरात थोडं जातं, हातात २५ ते ३० उरतात. २ वॉटचा पंप त्यावर बारा तास सहज चालतो. पण काही पॉवर बँकांना इतका कमी करंट म्हणजे फोन चार्ज झाला असं वाटतं आणि त्या आपणहून बंद पडतात. निघायच्या आधी घरी दोन तास चालवून बघा.

चार, आमच्या क्षेत्रात एक तत्त्व आहे: एक गोष्ट बंद पडल्यावर सगळंच बंद पडत असेल, तर ती गोष्ट दोन ठेवा. दिवसभर जाणार असाल तर दुसरा साधा सेलवरचा पंप पिशवीत असू द्या.

दुसरं कारण: ऊन

उष्णता दोन्ही बाजूंनी मारते. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन राहतो, ३५ अंशांना तोच पावणेसहाच्या आसपास येतो. म्हणजे जमा घटली. आणि थंड रक्ताच्या प्राण्यांत तापमान १० अंशांनी वाढलं की शरीराचा खर्च साधारण दुप्पट होतो. पगार कमी झाला आणि त्याच महिन्यात घरभाडं दुप्पट झालं, तसं. एप्रिलच्या दुपारी काळ्या कातळावर ठेवलेली बादली किती वेळात ३५ अंशांवर जाते, ते तुम्हाला माहीत आहेच.

म्हणून बादलीपेक्षा थर्माकोलचा खोका बरा. मासळी बाजारात रिकामे मिळतात. घट्ट भिंतीचा घ्या, आतून स्वच्छ धुवा, बर्फाचं पाणी जाण्यासाठी तळाला भोक असतं ते बंद करा. वरून ओलं गोणपाट टाका. वारा असेल तर गोणपाट सुकताना खोक्याची उष्णता घेऊन जातं. माठाचं तत्त्व.

आता बर्फ. इथेही हिशेब सोपा आहे. १ किलो बर्फ नुसता वितळताना २० लिटर पाणी ४ अंशांनी थंड करतो. अर्ध्या लिटरची बाटली गोठवून टाकलीत तर २ अंश. मला हे प्रमाण आवडतं, कारण ते हळू होतं आणि हातात राहतं. जास्त थंड वाटलं तर बाटली बाहेर काढता येते. सुटा बर्फ टाकला की तो परत काढता येत नाही, शिवाय नळाच्या पाण्याचा असेल तर क्लोरीनही सोबत येतं. बाटली गोठवताना वरून थोडी रिकामी ठेवा, नाहीतर फुटेल.

किती थंड करायचं? आपल्या खाडीतली कोळंबी उष्ण पाण्यातली आहे. २५-२६ अंशांपर्यंत आणली की शांत बसते, पुरे. आणखी खाली नेलंत तर खोक्यात छान राहील, पण गळाला लावून ३० अंशांच्या खाडीत सोडल्यावर तिला धक्का बसेल. थंड करतानाही घाई नको, दहा-पंधरा मिनिटांना एक अंश या बेताने. तापमापक घ्या. मत्स्यालयाच्या दुकानात काचेचा स्वस्तात मिळतो, आणि या सगळ्या प्रकारात तेवढं एक मोजमापाचं साधन असलं तरी खूप झालं.

तिसरं कारण: त्यांचीच घाण

पंप आहे, पाणी गार आहे, तरी तीन-चार तासांनी मरतात. मग बहुतेक वेळा कारण अमोनिया असतं. कोळंबी आणि मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. वाहत्या खाडीत तो निघून जातो, खोक्यात साठतो. पाण्यावर फेस धरायला लागला, तो फुटेना, पाणी हाताला बुळबुळीत लागलं, की समजा.

उपाय: आमिषाला खायला घालू नका. एक दिवस न खाल्ल्याने कोळंबीला काही होत नाही, उलट पाणी स्वच्छ राहतं. मेलेली दिसली की लगेच काढा. आणि पाणी बदला.

पाणी बदलण्यात एक खोच आहे, ती नीट ऐका. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक फारसं विषारी नाही, दुसरं जहाल. किती कुठल्या रूपात हे ठरतं पाण्याच्या पीएचवर. ३० अंशांना पीएच ७ असेल तर शंभरातला एक भागही जहाल नसतो. पीएच ८ झाला की सहा ते आठ भाग. आता बघा, बंद खोक्यात कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच हळूहळू उतरलेला असतो. त्यामुळे अमोनिया साठलेला असूनही कोळंब्या कशाबशा जगत असतात. अशा वेळी आपण दया येऊन ताजं खाडीचं पाणी भसाभस ओततो, त्याचा पीएच आठच्या आसपास. साठलेला अमोनिया क्षणात जहाल रूपात जातो. "ताजं पाणी दिलं आणि दहा मिनिटांत मेल्या", हे ऐकलंय ना? ते असं होतं. म्हणून पाणी उशिरा आणि सगळं बदलण्यापेक्षा लवकर आणि थोडं बदला. पहिल्या तासापासूनच, दर तासाला पाव ते एक तृतीयांश. मग अमोनिया साठतच नाही.

आणि इथेही पुन्हा तेच: बारा कोळंब्यांचा अमोनिया चाळीसांच्या एक तृतीयांशाहून कमी. तुम्ही कुठल्याही कारणापासून सुरुवात करा, गाडी संख्येवरच येऊन थांबते.

चौथं कारण: आपले हात

हाताला लावलेली डास पळवायची क्रीम, सनस्क्रीन, साबण. डासांच्या औषधांत जी पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात, ती कीटकांसाठी बनवलेली असतात, आणि कोळंबी-खेकडे हे नात्याने कीटकांच्या जवळचे. अगदी थोड्या प्रमाणातही त्यांना ती घातक. घरातल्या टाकीबाबत हे आणखी महत्त्वाचं. खोलीत डासांची वडी किंवा लिक्विड चालू असेल तर तुमचा एअर पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडतोय.

तांबं, पितळ आणि जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही नको. तांब्याचा हंडा आपल्याला पवित्र असेल, कोळंबीला तो विष आहे. प्लॅस्टिक किंवा स्टीलच वापरा.

कोळंबी पागातून ओढून काढू नका, पाग पाण्यात धरून सोडवा. हात आधी खाडीच्या पाण्यात ओला करा, विशेषतः बोईट धरताना, कारण कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि खवलंही. गळ लावताना कोळंबीच्या डोक्यात जो काळपट डाग दिसतो तो चुकवा. त्याच्या पुढे, काट्याच्या मुळाशी आडवा गळ घाला किंवा शेपटीच्या बाजूने. डागाला लागला की खेळ संपला.

सगळ्यात चांगली टाकी

आमच्या गावचे एक काका आहेत. सत्तरीच्या पुढचे, अजून वल्ह्याच्या होडीने जातात. त्यांना मी एकदा माझा खोका, दोन पंप, तापमापक सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरा आहे रे. पण खाडी काय आटली काय?"

मी म्हटलं, "म्हणजे काय, काका?"

"अरे, पाण्यातली वस्तू पाण्यात ठेव. वर कशाला काढतोस?"

त्यांची पद्धत म्हणजे विणलेली टोपली, तोंड जाळीने बांधलेलं, दोरीने होडीच्या कडेला पाण्यात सोडलेली. पंप नाही, बर्फ नाही, अमोनियाचा प्रश्नच नाही, तापमान गळाच्या जागेचंच. होडी नांगरलेली असेल किंवा जेटीवर, खडकावर एका जागी बसायचं असेल तर याच्याहून चांगलं काही नाही, हे मी हिशेब करूनच सांगतोय. प्लॅस्टिकच्या भोकाच्या बादलीनेही हे जमतं.

मर्यादा तेवढ्या लक्षात ठेवा. होडी वेगात चालवताना टोपली वर घ्या, नाहीतर पाण्याच्या मारानेच मरतील. ओहोटीला टोपली चिखलात बसणार नाही हे बघा. आणि पावसाळ्यात एक विशेष गोष्ट: नदीचं गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाडीत वर तरंगतं आणि खारं पाणी खाली राहतं. टोपली वरच टांगली तर कोळंबी गोड्या पाण्यात लटकते. दोरी लांब सोडा.

मग खोका कधी? जिथे कोळंबी धरली तिथून लांब जायचं असेल तेव्हा. तोही प्रवासापुरता. पोचलात की टोपलीत.

घरी साठवायचं असेल तर

काही जणांना आदल्या दिवशीच आमिष धरून ठेवायचं असतं, कारण पहाटेच्या भरतीला पाग टाकायला वेळ नसतो. त्यासाठी १००-२०० लिटरचा ड्रम किंवा जुना फ्रीज आडवा पाडून वापरतात. फ्रीजची कल्पना चांगली आहे, कारण भिंतीत मुळातच इन्सुलेशन असतं. पण आतला गॅस आणि कॉम्प्रेसर माहितगार माणसाकडून काढून घ्या, आणि दार पूर्ण काढून टाका. त्यावर जाळी किंवा फळी ठेवा. दार असलेल्या जुन्या फ्रीजमध्ये लहान मूल अडकू शकतं, यात गंमत नाही. ड्रम घेताना त्यात आधी काय होतं ते विचारा. रसायनाचा असेल तर कितीही धुतलात तरी नको.

बोईटांसाठी गोल ड्रमच हवा. थव्याने पोहणारा मासा चौकोनी टाकीत कोपऱ्यात कोंबला जातो आणि नाक घासून घेतो. कोळंबीला पोहायला कमी आणि लपायला जास्त जागा लागते. जुन्या जाळ्याचे तुकडे आत सोडा. कोळंबी कात टाकते, त्यानंतर काही काळ तिचं कवच मऊ असतं, आणि तेवढ्यात बाकीच्या तिला खातात. जाळ्यात लपता आलं तर वाचते. वर झाकण जाळीचं, कारण दोघंही उड्या मारतात.

एका रात्रीपुरतं असेल तर भरपूर पाणी, कमी जीव आणि पंप, एवढं पुरतं. आठवडाभर ठेवायचं असेल तर गाळणी लागते. एका बादलीत स्पंज, खडी, आणि त्यावरून सतत फिरणारं पाणी. त्या खडीवर जिवाणूंची वस्ती होते. ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट, जे बरंच कमी घातक. पण ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आज टाकी मांडली आणि उद्या भरली, असं करू नका. सुरुवातीला दोन-चारच कोळंब्या ठेवा आणि अमोनिया तपासायचं किट वापरा. गाळणीत कालवांचे किंवा तिसऱ्यांचे शिंपले फोडून टाका. शिंपले म्हणजे चुनाच, ते पीएच फार उतरू देत नाहीत. कोकणात त्याला पैसे पडत नाहीत.

पाणी खाडीचंच आणा, भरतीच्या वेळचं. नळाच्या पाण्यात घरातलं मीठ घालून समुद्राचं पाणी होत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मिठाशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं आणि कोळंबीला ते लागतं.

जाता जाता: कोळंबी थोडा वेळ पाण्याबाहेरही जगते, कल्ले ओले आणि अंग गार असेल तर. जपानमध्ये कुरुमा जातीची कोळंबी थंड, ओलसर लाकडाच्या भुशात भरून जिवंत पाठवतात. खडकावर चढून जायचं असेल, वीस किलो पाणी उचलायचं नसेल, तर डब्यात खाली गोठवलेली बाटली, त्यावर कागद, त्यावर खाऱ्या पाण्यात भिजवलेलं फडकं आणि त्यात दहा-बारा कोळंब्या. थोड्या वेळासाठी ही पद्धत बादलीपेक्षा बरी पडते. गोड्या पाण्यात गळ टाकणाऱ्यांसाठी गांडुळांचंही तेच तत्त्व: ते कातडीने श्वास घेतात, म्हणून माती ओलसर हवी, चिखल नको, आणि डबा सावलीत.

उरलेल्यांचं काय?

हा भाग मला खरं तर याच्यासाठी करायचा होता.

आपण खाडीत पागतो त्या कोळंब्या बहुतेक पोरवयातल्या असतात. कोळंबीच्या बऱ्याच जाती अंडी बाहेर समुद्रात घालतात, पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात, काही महिने कांदळवनाच्या आसऱ्याने वाढतात आणि मग अंडी घालायला परत समुद्रात जातात. म्हणजे खाडी ही त्यांची बालवाडी. बादलीत तीस कोळंब्या फुकट मेल्या, तर त्या नुसत्या तीस नाहीत, त्या परत जाऊन अंडी घालणार होत्या. आणि त्या मेल्या म्हणून आपण पुन्हा पाग टाकतो. वल्ह्याच्या होडीवर ज्यांचं पोट आहे, त्यांच्या वाट्याची कोळंबी आपण हौसेखातर बादलीत मारतो, हे मला तरी पटत नाही.

एका भरतीत मी स्वतः दहा-बारापेक्षा जास्त आमिषं वापरू शकत नाही. गरी एकच, हात दोनच. मग पंधराच धरायच्या, बाकीच्या पागातूनच सोडायच्या. पंधरा नीट ठेवल्या तर पंधराही तरतरीत राहतात. चाळीस धरून दहा जिवंत राहण्यापेक्षा मासाही जास्त लागतो.

उरलेल्या जिवंत कोळंब्या त्याच दिवशी, त्याच खाडीत, जिथे धरल्या तिथे सोडा. दुसऱ्या खाडीत किंवा तळ्यात कधीही नाही. घरच्या टाकीत इतर ठिकाणच्या कोळंब्यांसोबत ठेवलेल्या असतील तर त्याही परत सोडू नका, टाकीचं पाणीही खाडीत ओतू नका. बाजारातली किंवा तलावात वाढवलेली कच्ची कोळंबी आमिष म्हणून वापरायचीच नाही. कोळंबीला व्हाइट स्पॉट नावाचा विषाणूचा रोग होतो. माणसाला त्याने काही होत नाही, पण कोळंबीचे तलावच्या तलाव साफ होतात, आणि हा विषाणू गोठवल्याने मरत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या लोगन नदीकाठी २०१६ च्या शेवटी या रोगाने कोळंबीची शेती बसवली. तिथे रोग कसा शिरला याचा शोध घेताना, परदेशातून खायला आणलेली कच्ची कोळंबी कुणीतरी गळाला लावली असावी, ही एक शक्यता धरली गेली. आपल्याकडे खाडीकाठीच कोळंबीचे तलाव आहेत. एका गळाने काय होतंय, असं म्हणून चालणार नाही.

तर मंडळी, उजळणी. जीव कमी, पाणी जास्त. पंपाची हवा बाहेरून. गोठवलेली बाटली, सुटा बर्फ नाही. पाणी पहिल्या तासापासून थोडं थोडं बदला. हात स्वच्छ आणि ओले. आणि जमेल तिथे टोपली खाडीतच सोडा.

तुमच्याकडे आमिष टिकवायची काही वेगळी पद्धत असेल, विशेषतः घरातल्या जुन्या माणसांची, तर जरूर कळवा. त्यावर एक वेगळा भाग करू. पुढच्या वेळी भांगाच्या आणि उधाणाच्या पाण्यात गरी टाकताना काय फरक पडतो त्यावर बोलू. तोपर्यंत, भरतीचं वेळापत्रक बघूनच निघा. नमस्कार.